सॉफ्टवेअरने उणे चिन्ह खाल्लं, तर कळवायचं कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधल्या एका कन्सल्टन्सीत काम करणाऱ्या इंजिनिअरने विचारलंय. अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्राच्या सहायक इमारतीतले स्टीलचे प्लॅटफॉर्म आणि पाइप सपोर्ट यांचं डिझाइन त्यांच्या ऑफिसकडे उपकंत्राटाने आलं आहे. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की रिस्पॉन्स स्पेक्ट्रमची केस (म्हणजे भूकंपाचा भार) कॉम्बिनेशनमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या भारांच्या एकत्र बेरजेत) घेतली की प्रोग्रॅम अधिक आणि उणे दोन्ही चिन्हं धरून डिझाइन तपासतो. प्रत्यक्षात, कॉम्बिनेशनच्या आत दुसरं कॉम्बिनेशन घातलं तर तो फक्त अधिक धरतो. कंपनीच्या सपोर्टला मेल टाकली, उत्तर आलं, ‘पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होईल.’ साहेब म्हणतात, आपण आता तसं कॉम्बिनेशन वापरणं बंद केलंय, विषय संपला. विचारणाऱ्याला काही चैन पडत नाही. कुणाला कळवायचं, थेट अमेरिकेच्या नियामकाला लिहायचं का, आणि नोकरीचं काय?

मी बरीच वर्षं पाइप सपोर्ट आणि प्लॅटफॉर्मची कॅल्क्युलेशन तपासण्याचं काम करते, त्यातलं काही अणुप्रकल्पांचं. त्या अनुभवावरून लिहिते. वकिली सल्ला समजू नका.

तुम्ही ‘कुणाला’ असं विचारताय, पण खरी मेख आधीच आहे. उणे चिन्ह गायब असलेले आकडे आजवर कुठे कुठे जाऊन बसले? साहेबांनी वर्कअराउंड सांगितला तो आजपासूनच्या कामासाठी. सॉफ्टवेअर कंपनीचा नवा रिलीज येईल तो त्यापुढच्या कामासाठी. मागच्या वर्षी सही होऊन गेलेल्या कॅल्क्युलेशनला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. औषधाची एखादी बॅच खराब निघाली तर पुढची बॅच चांगली बनवून भागत नाही, आधीची कुणाच्या घरी गेली ते शोधावंच लागतं. तसंच हे आहे. विषय संपला असं साहेबांना वाटतंय, पण तो अजून उघडलेलाच नाही.

आता आधी खात्री करा. राग मानू नका, पण ‘सॉफ्टवेअरमध्ये बग आहे’ म्हणून माझ्या टेबलावर जे येतं त्यातलं बहुतेक बग नसतं. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे जॉइंटवरची बलं जुळत नाहीत ही तक्रार. स्पेक्ट्रम ॲनालिसिसमध्ये प्रत्येक मोडच्या, म्हणजे रचनेच्या कंपनाच्या एकेका प्रकाराच्या, आकड्याचा वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढलं की सगळं धन होतं. चिन्ह तिथेच पुसलं जातं. मग एका जॉइंटला येणाऱ्या तीन मेंबरची बलं शून्य करायला गेलात तर ती जुळणारच नाहीत, कारण तीनही कमाल आकडे एकाच क्षणाचे नाहीत. दुसरा प्रकार ताठ मोडचा. कंपनात ९० टक्के मास (वस्तुमान) पकडला म्हणून लोक निश्चिंत होतात. पण अणुकेंद्रातले सपोर्ट इतके ताठ असतात की उरलेला मास ३३ हर्ट्झच्या पुढे दडलेला असतो. तो वेगळा मिळवावा लागतो, एनआरसीचं, म्हणजे अमेरिकेच्या अणुनियामकाचं, रेग्युलेटरी गाइड १.९२ त्याचसाठी वाचायचं. तिथे प्रोग्रॅम बरोबर असतो, आपण बटण दाबलेलं नसतं.

यात मॉडेलचाही दोष असू शकतो. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइपनर-ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया फियॉर्डमध्ये बुडाला. अणूशी त्याचा संबंध नाही, पण आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते प्रकरण माहीत असावं. मोक्याच्या जागी मॉडेलच्या एलिमेंटची (छोट्या तुकड्यांची) जाळी भरड आणि वेडीवाकडी होती, त्यामुळे भिंतीतला शिअर (कातर बल) सुमारे ४७ टक्के कमी आला. प्रोग्रॅमने दिलेल्या मॉडेलचं जे उत्तर यायचं तेच दिलं होतं.

तुमची केस या दोन्हींपेक्षा वेगळी दिसते, कारण मॅन्युअल एक सांगतं आणि प्रोग्रॅम दुसरं करतो. हे सिद्ध करणारं छोटं मॉडेल बनवा, आणि ते ग्राहकाच्या मॉडेलमधून कापून काढू नका, कोरं बनवा. मी असं करीन: दोन खांब, वर एक बीम, खांबांचे पाय पिन केलेले. उंची ६ मीटर, खांबांमध्ये अंतर ३ मीटर. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर ४०० किलोन्यूटन वजन, मेंबरचं स्वतःचं वजन बंद. स्पेक्ट्रम मुद्दाम सपाट द्यायचा, कुठल्याही फ्रिक्वेन्सीला ०.३५ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.३५ पट). म्हणजे फ्रेमची फ्रिक्वेन्सी काहीही येवो, आडवं बल ८०० गुणिले ०.३५, म्हणजे २८० किलोन्यूटनच येणार. त्यातून एका खांबात येणारं अक्षीय बल २८० गुणिले ६ भागिले ३, म्हणजे ५६०. सगळे फॅक्टर १ ठेवा.

आता अधिक चिन्ह धरलं तर खांबात ४०० आणि ५६० मिळून ९६० किलोन्यूटन दाब. उणे धरलं तर ४०० वजा ५६०, म्हणजे १६० किलोन्यूटन ताण. खांब पायातून वर उचलला जातोय. बेस प्लेटला चार अँकर बोल्ट असतील तर प्रत्येकी ४०. सरळ कॉम्बिनेशनमध्ये प्रोग्रॅम हे दोन्ही दाखवील. तुम्ही म्हणता तसं आत-बाहेर कॉम्बिनेशन केलं की ९६० दाखवील आणि थांबेल. गंमत बघा, खांबाचं डिझाइन ९६० दाबाला पास होतं, रिपोर्ट हिरवागार, आणि बोल्टमध्ये ताण शून्य. स्टीलच्या मेंबरकडे बघून कुणालाच शंका येणार नाही. चूक लपलेली आहे ती बोल्टमध्ये आणि त्याखालच्या काँक्रीटमध्ये. म्हणूनच ‘आपले सगळे मेंबर पास आहेत, मार्जिन भरपूर आहे’ हे उत्तर तुमच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

हे मॉडेल तुमच्या व्हर्जनवर चालवा, शक्य असेल तर आधीच्या व्हर्जनवर आणि दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमवर. हाताने केलेलं अर्ध्या पानाचं गणित सोबत जोडा. एवढं झालं की तुमच्या हातात ‘मला वाटतं’च्या जागी कागद आला.

आता ‘एका चिन्हाने काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांसाठी. १३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या एनआरसीने पाच अणुभट्ट्या बंद करण्याचा आदेश काढला: बीव्हर व्हॅली-१, सरी-१ आणि २, मेन यांकी आणि फिट्झपॅट्रिक. कारण पाइपिंगच्या भूकंप विश्लेषणाचा एक प्रोग्रॅम. त्यात भूकंपाच्या वेगवेगळ्या दिशांमुळे येणारे प्रतिसाद चिन्हासकट बेरजेत घेतले होते. एका दिशेचा अधिक, दुसऱ्या दिशेचा उणे, दोघांनी एकमेकांना खाल्लं आणि पाइपवरचा भार खऱ्यापेक्षा कमी दिसला. तुमच्याकडे उणे धरलंच नाही, तिथे नको त्या ठिकाणी धरलं. त्या केंद्रांचं पाइपिंग पुन्हा तपासावं लागलं. पंधरा दिवसांनी, २८ मार्चला, थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि या पाच भट्ट्यांची गोष्ट झाकोळली. नाहीतर आज प्रत्येक सिव्हिल कॉलेजात ती शिकवली गेली असती.

या प्रकारची दुसरी घटना अलीकडची. जमीन आणि इमारत भूकंपात एकमेकांवर कसा परिणाम करतात हे काढायला सासी नावाचा प्रोग्रॅम जगभर वापरतात. त्यातली सबट्रॅक्शन पद्धत वेळ वाचवते म्हणून लोकप्रिय होती. काही परिस्थितीत ती भलतीच उत्तरं देते, हा मुद्दा २०११ मध्ये अमेरिकेच्या डिफेन्स न्यूक्लिअर फॅसिलिटीज सेफ्टी बोर्डाने ऊर्जा खात्याकडे लेखी मांडला. प्रोग्रॅम कितीही जुना, कितीही जणांनी वापरलेला असला तरी हे होऊ शकतं. ‘इतके लोक वापरतात, कुणाला दिसलं नसतं का’ हा युक्तिवाद ऑफिसात हमखास होईल, तेव्हा हे आठवा.

आता ‘कुणाला’. इथे बरंच काही तुमच्या कंत्राटावर अवलंबून आहे, म्हणून ती फाइल आधी उघडा. अमेरिकेत अशा चुका कळवण्यासाठी ‘टेन सीएफआर पार्ट २१’ नावाचा नियम आहे, १९७४ च्या एनर्जी रीऑर्गनायझेशन ॲक्टमधल्या कलम २०६ वरून आलेला. नाशिकमधल्या कंपनीला तो कायदा म्हणून कितपत लागू होतो, हे वकिलांनी बघावं. पण तुमच्यापर्यंत तो पर्चेस ऑर्डरमधून पोचतो. सुरक्षेशी संबंधित वस्तू किंवा सेवा मागवताना ‘पार्ट २१ लागू’ असं ऑर्डरमध्ये लिहावं लागतं. ते वाक्य आहे का बघा. ‘अपेंडिक्स बी’ किंवा ‘एनक्यूए-१’ या अणुकामाच्या गुणवत्ता-नियमांप्रमाणे क्वालिटी प्रोग्रॅम मागितलाय का, तेही बघा. यातलं काहीही असेल तर तुमच्या कंपनीत विसंगती नोंदवायची लिखित पद्धत असायलाच हवी, आणि तिच्याप्रमाणे एनसीआर (विसंगतीची अधिकृत नोंद) उघडणं ही तुमची पहिली पायरी. यातलं काहीच नसेल, तुमचे प्लॅटफॉर्म सुरक्षेच्या श्रेणीत येत नसतील, तर घाई कमी होते, पण ग्राहकाला कळवायचं ते कळवायचंच. बिगर-सुरक्षा प्लॅटफॉर्मसुद्धा पडताना शेजारच्या सुरक्षेच्या पाइपवर पडू शकतो. तिथे काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

सॉफ्टवेअर कसं घेतलंय यावरही खूप अवलंबून आहे. काही कंपन्या अणुकामासाठी वेगळ्या क्वालिटी प्रोग्रॅमखाली लायसन्स देतात, जास्त पैसे घेतात आणि चूक सापडली की सगळ्या ग्राहकांना नोटीस पाठवतात. साधं बाजारातलं लायसन्स असेल तर विकणाऱ्याची ती जबाबदारी नसते. मग ज्याने कुणी ते सॉफ्टवेअर तपासून ‘अणुकामाला चालेल’ असा शिक्का मारला, त्याच्यावर ती येते. तो तुमचाच क्वालिटी विभाग असू शकतो, किंवा तुमचा ग्राहक. ‘पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होईल’ हे सपोर्टचं उत्तर कोणत्या लायसन्सखाली आलं, हे म्हणून महत्त्वाचं. क्वालिटी लायसन्सखाली ते उत्तर चालत नाही, त्यांच्या एरर रिपोर्टचा नंबर मागा. साध्या लायसन्सखाली ते सौजन्य आहे, आणि पुढचं सगळं तुमच्याकडे.

मी जे ठामपणे सांगेन ते एवढंच: ही चूक धोकादायक आहे की नाही, हे ठरवणं तुमचं काम नाही. साहेबांचंही नाही, आणि एकट्या सॉफ्टवेअर कंपनीचंही नाही. सॉफ्टवेअर कंपनीला प्रोग्रॅमच्या आत काय घडतं ते कळतं, पण तो खांब कुठल्या इमारतीत आणि कशाच्या डोक्यावर उभा आहे हे माहीत नसतं. तुम्हाला खांब माहीत आहे, पण त्या प्लॅटफॉर्मवरून जाणारा पाइप भट्टी थंड ठेवायच्या कामाचा आहे की पिण्याच्या पाण्याचा, हे नाशिकमध्ये बसून कळत नाही. ते केंद्र चालवणाऱ्याला कळतं. पार्ट २१ ची मांडणी नेमकी याच समजुतीवर आहे. पुरवठादाराला स्वतः मूल्यमापन करता येत नसेल, तर तसं ठरल्यापासून पाच कामाच्या दिवसांत त्याने खरेदीदारांना कळवायचं असतं. ज्याला मूल्यमापन जमतं त्याला विसंगती सापडल्यापासून ६० दिवस मिळतात, पूर्ण होत नसेल तर अंतरिम अहवाल द्यावा लागतो.

इथे एक खोच आहे. ‘सापडली’ म्हणजे कधी? विसंगती पहिल्यांदा दाखवणारा कागद पूर्ण झाला, की घड्याळ सुरू. त्यामुळे काही ऑफिसांत कागदच करायचा नाही, फोनवर बोलू, चहा पिताना बोलू, अशी हुशारी चालते. तुमच्या साहेबांच्या मनात तसं असेल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही मात्र लिहा.

कसं लिहायचं? इंग्रजीतच लिहाल, पण गाभा असा ठेवा: ‘अमुक सॉफ्टवेअर, अमुक व्हर्जन, अमुक बिल्ड. मॅन्युअलच्या अमुक कलमानुसार स्पेक्ट्रमची केस असलेल्या कॉम्बिनेशनमध्ये दोन्ही चिन्हं धरली जातात. कॉम्बिनेशनच्या आत कॉम्बिनेशन असेल तेव्हा डिझाइन तपासणीत फक्त धन चिन्ह धरलं जातं, असं सोबतच्या चाचणी मॉडेलवरून दिसतं. हाताचं गणित जोडलं आहे. हे व्हर्जन आमच्याकडे अमुक तारखेपासून वापरात आहे. बाधित असू शकतील अशा कॅल्क्युलेशनची प्राथमिक यादी जोडली आहे. सुरक्षेवरील परिणामाचं मूल्यमापन आम्ही केलेलं नाही.’ बस्स. ‘गंभीर’, ‘भयंकर’ असे शब्द नकोत. ‘आमच्या मते परिणाम नगण्य’ हे तर अजिबात नको. आधी कुणीतरी ते वाक्य घालायला सांगेलच. त्यांना विचारा, नगण्य म्हणतो त्याचं कॅल्क्युलेशन कुठे आहे, त्याचा नंबर पत्रात घालू.

यादी बनवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. सुदैवाने अशा बऱ्याच प्रोग्रॅमची इनपुट फाइल साधी टेक्स्ट असते किंवा टेक्स्टमध्ये काढता येते. प्रोजेक्टच्या फोल्डरवर शोध चालवा, स्पेक्ट्रम आणि आतलं कॉम्बिनेशन दोन्ही ज्या फाइलमध्ये आहेत त्या बाजूला काढा. त्यातून ज्यांच्यात गुरुत्वाचा दाब भूकंपाच्या बलापेक्षा कमी आहे त्या वर घ्या. उंच आणि अरुंद फ्रेम, हलके प्लॅटफॉर्म, कडेचे खांब. छताला किंवा भिंतीला लटकवलेले सपोर्टही विसरू नका. तिथे गुरुत्व आधीच ताणाच्या बाजूला असतं, आणि प्रोग्रॅमने धरलेलं चिन्ह दाबाच्या बाजूला पडलं की तोच ताण वाढण्याऐवजी घटलेला दिसतो. फाइलमधलं व्हर्जन आणि कॅल्क्युलेशनवर लिहिलेलं व्हर्जन एकच आहे ना, तेही ताडून बघा. ते वेगळं निघालं तर आणखी एक एनसीआर, पण तो त्रास नंतरचा.

हाच प्रोग्रॅम तुमच्या ऑफिसात अंबड, सिन्नरच्या कामांनाही चालत असणार. तिथे पार्ट २१ नाही, नियामक नाही, कुणी विचारायला येणार नाही. पण बोल्ट तोच. यादी करायला बसलाच आहात तर ती कामंही धरा.

काम भारतातलं असतं तर? आपल्याकडे नियामक एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेली, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. तिच्या गुणवत्ता हमीच्या कोडप्रमाणे जबाबदारीची साखळी कंत्राटातून खाली येते: प्रकल्प चालवणारी संस्था, मुख्य कंत्राटदार, मग आपल्यासारखे. विसंगती याच साखळीने वर जायला हवी. पद्धत वेगळी, पत्र तेच. आणि इकडचं काम असो की तिकडचं, ग्राहकाचं मॉडेल, ड्रॉइंग, केंद्राचं नाव कुठेही उघड टाकू नका. करारातल्या गोपनीयतेच्या अटी आहेतच, शिवाय अणुप्रकल्पांच्या माहितीवर कायद्याची बंधनं आहेत. कोरं चाचणी मॉडेल बनवायला सांगितलं ते यासाठीही. ते बिनधास्त कुणालाही देता येतं.

नोकरीचं. खोटा धीर देत नाही. अमेरिकेत सुरक्षेची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमाने संरक्षण आहे. नाशिकमध्ये बसून त्यावर विसंबू नका. क्रम पाळलात तर मात्र प्रकरण बहुतेक वेळा तिथवर जात नाही. आधी साहेबांना मेल, तोंडी नाही, आणि एकट्यांनाच, सगळ्या जगाला कॉपीत ठेवून नाही. त्यात आरोप नको, फक्त चाचणी, गणित आणि ‘एनसीआर उघडायची परवानगी हवी’ एवढं. साहेबांनाही तोंड वाचवायला वाट ठेवा: ‘वर्कअराउंड बरोबरच आहे, मागच्या कामांची यादी तेवढी राहिली’ असं म्हटलं तर बरेच साहेब ऐकतात. आठवडाभरात हालचाल नसेल तर क्वालिटी मॅनेजरकडे. अणुकामाच्या क्वालिटी प्रोग्रॅममध्ये त्यांना प्रोजेक्टच्या साहेबांपासून स्वतंत्र अधिकार असायलाच लागतो, आणि ऑडिटमध्ये आधी त्यांचीच मान अडकते, त्यामुळे ते सहसा लवकर ऐकतात. त्यांच्याकडूनही काही नाही, तर ग्राहकाचा क्वालिटी विभाग. थेट नियामकाला लिहायचा मार्ग कुणालाही खुला आहे, एनआरसी बाहेरच्या माणसाचीही तक्रार घेते. पण तो या सगळ्यानंतर, किंवा कुणी तुम्हाला कागद फाडायला सांगितला तर लगेच.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, ती आजच करा. नवा रिलीज आला की आयटीवाले सगळ्या मशीनवरून जुनं व्हर्जन उडवतात. एका मशीनवर ते तसंच राहू द्या, लायसन्ससकट, अपडेट बंद करून, आणि वर चिठ्ठी लावा. ग्राहकाकडून पहिला प्रश्न येईल तो ‘आम्हाला जुना निकाल पुन्हा काढून दाखवा’ हाच.